कढईतला काजवा

मे महिन्याच्या या उकाड्यात घरचा कूलर सोडून इथवर आलेल्या माझ्या हिंगोलीकर बंधू-भगिनींनो,

ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या हातचा मार मी खाल्लेला आहे. ‘डोळ्यांपुढे काजवे चमकणे’ हा वाक्प्रचार त्यांनी आम्हाला सातवीत शिकवला आणि अर्थ पक्का बसावा म्हणून माझ्यावर प्रात्यक्षिकही केलं. तेव्हा आज काजव्यावर बोलायला उभा आहे, तो एका परीनं त्यांनीच दिलेला विषय म्हणा.

पत्रिकेवर विषय छापलाय, ‘उष्णता सोसणारी प्रकाशविकरं’. मघाशी फाटकात एका गृहस्थांनी विचारलं, ‘सोलरवर आहे का भाषण? अनुदानाचं सांगणार का?’ नाही. अनुदान नाही, पॅनलही नाही. मी बोलणार आहे ते काजव्याच्या पोटातल्या एका प्रथिनाबद्दल. त्या प्रथिनाला आपल्यासारखं ऊन सोसत नाही आणि ते सोसावं म्हणून माणसं गेली तीस-पस्तीस वर्षं झटताहेत. आणि हो, टेबलावर हा जो थर्मास दिसतोय, त्यात चहा नाही. निघताना त्यात ५० अंशांचं पाणी भरून आणलंय. त्यात काय बुडवलंय ते शेवटी.

काजवा आपण सगळ्यांनी पाहिलाय. मृगाच्या आगेमागे, पहिला पाऊस पडून गेला की बांधावरच्या झाडात, ओढ्याकाठी. लहानपणी काचेच्या बाटलीत धरलाही असेल. बाटलीला हात लावून पाहिला होता का? गरम लागली होती? नाही ना. घरातला जुना पिवळा बल्ब हाताला चटका देतो, कारण त्याला दिलेली बहुतेक वीज उष्णतेत जाते. काजव्याचा उजेड थंड. का? कारण तो काही तापवून निघत नाही, रासायनिक क्रियेतून निघतो.

या क्रियेत पात्रं थोडी आहेत. ल्युसिफेरीन नावाचा एक छोटा रेणू, हे इंधन. हवेतला प्राणवायू. थोडं मॅग्नेशियम. एटीपी, म्हणजे पेशीच्या खिशातले सुट्टे पैसे, कुठलंही काम करायचं तर पेशी तेच मोजते. आणि या सगळ्यांना एका जागी बसवून व्यवहार घडवून आणणारं विकर, ल्युसिफेरेज. शाळेच्या पुस्तकात विकर म्हणतात, डॉक्टर एन्झाइम म्हणतात. एटीपीचा धागा १९४७ मध्ये अमेरिकेत विल्यम मॅकएलरॉय यांनी शोधला. त्यासाठी त्यांनी बाल्टिमोरच्या पोरांना कामाला लावलं होतं, शंभर काजवे आणा आणि २५ सेंट न्या. मला ही गोष्ट फार आवडते. विज्ञानाच्या इतिहासात पोरांची मजुरी अशी रोख चुकती झालेली फारशी वाचायला मिळत नाही.

आता एक सुधारणा करून घेऊ. काजव्याचा दिवा जवळजवळ शंभर टक्के कार्यक्षम, असं आपण वाचत आलोय. मीही वर्गात तसंच शिकवलंय. २००८ मध्ये जपानी संशोधकांनी नव्यानं काटेकोर मोजलं, तेव्हा ल्युसिफेरीनचे शंभर रेणू खर्ची पडले की प्रकाशाचे साधारण ४१ कण बाहेर पडतात, असं निघालं. त्याआधीचा, १९६० चा आकडा ८८ होता. निम्म्याहून खाली आला. तरी रासायनिक उजेडात ४१ हे मार्क चांगलेच म्हणायचे. गुरुजींनी पास केलं असतं.

आता मुद्द्यावर येतो, आणि त्यासाठी मला काजवा सोडून हळदीकडे जावं लागेल.

हिंगोलीत हळदीवर बोलायचं म्हणजे धाडसच. वसमतच्या बाजारात हळद घेऊन रात्र काढलेली माणसं इथं बसलीत, चुकलो तर तिथल्या तिथं सांगा. हळद काढली की आपण ती शिजवतो. पूर्वी कढईत, वर गोणपाट टाकून, आता वाफेच्या कुकरमध्ये. कड काढून पाहतो, काडी आरपार गेली की झाली. मग पंधरवडाभर वाळत घालतो आणि ढोलात पॉलिश करतो. पण सगळीच शिजवतो का? नाही. बेणं बाजूला काढून सावलीत ठेवतो. का हो? शिजलेल्या गड्ड्याला कोंब फुटत नाही, म्हणून. बरोबर? आणि आता दुसरा प्रश्न. शिजवल्यावर हळदीचा पिवळेपणा जातो का? नाही जात. उलट आतून सारखा होतो. म्हणजे एकाच कढईत, एकाच आचेवर, त्याच गड्ड्यातलं काहीतरी मेलं आणि काहीतरी जसंच्या तसं राहिलं. मेली ती कोंब आणणारी जिवंत यंत्रणा, म्हणजे मुख्यत्वे प्रथिनं. राहिला तो रंग, एक छोटा रेणू.

बस्स. नेमका हाच प्रयोग १८८५ च्या सुमाराला फ्रान्समध्ये राफाएल द्युबुआ या माणसानं केला. हळदीवर नव्हे, चमकणाऱ्या एका भुंग्यावर, आणि दोन वर्षांनी चमकणाऱ्या शिंपल्यावर. चमकणारा भाग थंड पाण्यात कुटला. पाणी चमकलं आणि थोड्या वेळानं विझलं. दुसरा भाग गरम पाण्यात काढला. ते पाणी मुळात चमकलंच नाही. मग त्यानं ही दोन्ही अंधारी पाणी एकत्र ओतली, आणि उजेड परत आला. दोन अंधार मिसळले आणि उजेड झाला. कीर्तनात सांगितलं असतं तर कुणी विश्वास ठेवला नसता.

काय घडलं? थंड पाण्यात विकर होतं, पण इंधन संपलं होतं. गरम पाण्यात इंधन शिल्लक होतं, पण विकर शिजून गेलं होतं. द्युबुआनं इंधनाला नाव दिलं ल्युसिफेरीन आणि विकराला ल्युसिफेरेज. म्हणजे बघा, या विकराचा शोधच मुळी ते उष्णतेनं मरतं यातून लागला. उष्णता ही त्याची दुखरी नस, आणि तीच त्याची ओळख. आज मी जे सांगतोय ते त्या दुखऱ्या नसेवरचे उपचार.

(मागे आवाज येतोय ना? मघाशी लाइट गेली तेव्हा माइक बंद पडला होता. इन्व्हर्टरवर किती वेळ चालेल ते संयोजकांनी मला खूण करून सांगावं.)

दुखरी नस किती दुखरी? शुद्ध करून पाण्यात सोडलेलं काजव्याचं विकर ३० अंशांच्या वर गेलं की ढासळू लागतं. ३७ अंशांना, म्हणजे तुमच्या माझ्या अंगाच्या तापमानाला, काही मिनिटांत त्याची ताकद निम्म्यावर येते. लक्षात घ्या, आपल्याला ताप नसतानाच त्याला ताप चढतो. आणि आज दुपारी हिंगोलीत पारा किती होता? मला सांगू नका, मी बसस्टँडवरून चालत आलोय.

असं का व्हावं? प्रथिन म्हणजे मण्यांची माळ. हे मणी म्हणजे अमिनो आम्लं, वीस प्रकारची. काजव्याच्या ल्युसिफेरेजमध्ये साडेपाचशेच्या आसपास मणी आहेत. पण ही माळ गळ्यातल्यासारखी लोंबत नाही. ती स्वतःभोवती वळून, दुमडून एक ठरलेला आकार घेते, आणि काम करतो तो आकार. १९९६ मध्ये लंडनमधल्या संशोधकांनी या विकराचा स्फटिक करून क्ष-किरणांनी आकार पाहिला. तो दिसला तसा सांगतो. एक मोठा तुकडा, एक छोटा तुकडा आणि मध्ये सैलसा सांधा. आजीच्या पानाच्या डब्यातला अडकित्ता आठवा. मधल्या खिळ्यावर दोन पाती फिरतात आणि सुपारी मध्ये येते. इथं सुपारीच्या जागी ल्युसिफेरीन. फरक एवढाच की पहिलं काम झाल्यावर छोटं पातं जवळपास १४० अंशांत वळतं, आणि दुसऱ्या बाजूनं उरलेलं काम करतं.

आता अडकित्त्याचा खिळा ढिला झाला तर? पाती एकमेकांवर बसत नाहीत, सुपारी निसटते. उष्णता तेच करते. माळेचा कण न् कण थरथरू लागतो, खिळे ढिले होतात. आधी उजेडाचा रंग बदलतो. पिवळसर हिरवा उजेड तांबूस होऊ लागतो, कारण ज्या खोबणीत रेणू उजेड टाकतो ती खोबण सैल पडते. मग उजेड मंदावतो. मग माळ उलगडते, शेजारच्या माळांत गुंतते, गुठळी होते. उकडलेलं अंडं परत कच्चं करून दाखवा म्हटलं तर कोण दाखवेल?

मग कुणी म्हणेल, खिळा घट्ट ठोका. प्रश्न मिटला. मिटतो का? अति घट्ट ठोकला की अडकित्ता उघडतच नाही. उष्णतेत टिकेल, पण सुपारी कातरणार नाही. टिकाऊ पण निकामी. या सगळ्या विद्येची खरी गोम हीच आहे. घट्ट करायचं कुठं आणि सैल ठेवायचं कुठं? साडेपाचशे मण्यांपैकी कुठला बदलायचा आणि त्या जागी उरलेल्या एकोणिसांपैकी कुठला बसवायचा?

दुसरीकडे निसर्गानं हे काम फुकट करून ठेवलेलं असतं. कोरोनात आपल्या सगळ्यांच्या नाकात काडी घालून जी आरटी-पीसीआर चाचणी केली, तिच्यातलं मुख्य विकर मुळात अमेरिकेतल्या यलोस्टोनच्या कढत झऱ्यांमधल्या जिवाणूचं. तो जिवाणू राहतोच कढईत, त्यामुळे त्याची विकरं आधीच पक्की. आपल्या शेजारी किनवट तालुक्यात उनकेश्वरला गरम पाण्याचे झरे आहेत, अनेकांनी तिथं अंघोळ केली असेल. पण उनकेश्वरच्या पाण्यात काजवे पोहत नाहीत. काजवा पावसाळी रात्रीचा जीव. त्यानं आपलं विकर त्या रात्रीपुरतं घडवलं, आणि त्याच्या दृष्टीनं ते उत्तम आहे. तक्रार आपली आहे, त्याची नाही.

मग वाट कशी निघाली? इथं मी जरा रेंगाळणार आहे, कारण मला स्वतःला हा भाग सगळ्यात गोड वाटतो. १९८५ मध्ये कॅलिफोर्नियात काजव्याच्या या विकराचं जनुक वेगळं करून जिवाणूत घालता आलं. तोवर थोड्याशा विकरासाठी हजारो काजवे लागायचे. आता जिवाणू चमकू लागले. पुढच्याच वर्षी तंबाखूचं रोप चमकलं, त्याचा फोटो जगभर गेला. जनुक हाती आलं म्हणजे माळेचा साचा हाती आला. साच्यात बदल करा, माळ बदलते.

आणि पहिलं मोठं यश कुणाला मिळालं? जपानमधल्या किक्कोमान या सोया सॉस बनवणाऱ्या कंपनीतल्या संशोधकांना. चायनीजच्या गाडीवर जी काळी बाटली असते ना, तो सॉस. त्यांना काजव्याशी काय देणंघेणं? सांगतो. जिथं एटीपी तिथं जीव किंवा जिवाचा मळ. धुतलेल्या टाकीवर ओला बोळा फिरवा, त्यावर ल्युसिफेरीन आणि ल्युसिफेरेज टाका. चमकलं तर टाकी नीट धुतली नाही. जंतू उगवून यायची दोन दिवस वाट बघायला नको. पण ही चाचणी कारखान्यात, उन्हात, ट्रकमध्ये टिकायला हवी. म्हणून काजियामा आणि नाकानो यांनी जपानच्या गेंजी काजव्याचं जनुक रसायनांनी जागोजाग आंधळेपणानं बिघडवलं, हजारो बिघाड केले, आणि त्यांतला उष्णतेत टिकणारा हुडकला. १९९३ मध्ये त्यांनी जाहीर केलं की २१७ क्रमांकाचा एकच मणी बदलला होता. पाण्याशी सलगी करणाऱ्या थ्रिओनिनच्या जागी तेलकट आयसोल्युसिन आलं होतं. प्रथिनाचा गाभा तेलकट असतो, तिथं तेलकट मणी छान दडपून बसतो. साडेपाचशेतला एक, आणि उजेड घटला नाही, उलट वाढला.

आता तुम्ही विचाराल, हजारो बिघाडांतून एक चांगला हुडकायचा कसा? हे शेतकऱ्याला सांगायला नको. पाऊस दडी मारतो, रान करपतं आणि त्यात दोन ताटं हिरवी राहतात. त्याच ताटांचं बी आपण पुढच्या वर्षाला धरतो. इथंही तेच. वाटीएवढ्या बशीत जिवाणूंचे शेकडो ठिपके वाढवायचे, प्रत्येक ठिपक्यात वेगळा बिघाड. ते कागदासारख्या पडद्यावर उचलायचे. पडदा तापवायचा. मग अंधाऱ्या खोलीत नेऊन त्यावर ल्युसिफेरीनचा फवारा मारायचा आणि डोळे सरावेपर्यंत गप्प बसायचं. बहुतेक ठिपके काळे. एखाद-दुसरा चमकतो. तो टाचणीनं टिपायचा, वाढवायचा, पुन्हा बिघाड, पुन्हा आच, या वेळी दोन अंश जास्त. विकरांच्या अशा निवडपद्धतीसाठी फ्रान्सिस आर्नोल्ड यांना २०१८ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. बाकी विकरांचा टिकाव मोजायला यंत्रं लागतात, इथं विकर स्वतःच ‘हजर’ म्हणून ओरडतं.

पुढचं भराभर सांगतो. १९९६ मध्ये इंग्लंडमधल्या संशोधकांनी अमेरिकन काजव्यात ३५४ वा मणी बदलून तसाच गुण आणला. मग असे सुटे बदल एकाच माळेत गुंफले, तर त्यांचा परिणाम एकमेकांत भर घालतो हे दिसलं. अमेरिकेत प्रोमेगा कंपनीनं फोटुरिस जातीच्या काजव्याचं विकर निवडीच्या अनेक फेऱ्यांतून काढून भलतंच काटक केलं. या फोटुरिसची मादी मोठी लबाड, दुसऱ्या जातीच्या मादीची लुकलुक हुबेहूब करते, नर भुलून आला की खाऊन टाकते. असो.

आतापर्यंतचं एकदा गाठीला बांधू. उष्णतेनं विकर उलगडतं, ते आवळायचं असतं पण आखडू द्यायचं नसतं, आणि नेमकी जागा सापडली तर एका मण्यानंही भागतं. आता राहिला खेड्यातल्या माणसाचा प्रश्न. याचा आम्हाला उपयोग काय?

आधी माझी फजिती ऐका. काही वर्षांपूर्वी, एप्रिलात, मी बाहेरून साधं, न सुधारलेलं विकर मागवलं होतं. थर्माकोलच्या डब्यात कोरडा बर्फ भरून कुपी निघाली. मध्ये शनिवार, रविवार आणि एक सणाची सुट्टी आली. डबा कुठल्यातरी गोदामात पत्र्याखाली पडून राहिला. माझ्या हातात आला तेव्हा बर्फ उडून गेला होता, डबा कागदासारखा हलका. कुपीतलं पाणी मात्र स्वच्छ, जसं निघालं तसं. वास नाही, गढूळपणा नाही. मी ती अंधाऱ्या खोलीत नेली, थेंब टाकला आणि वाट पाहिली. काही नाही. आणखी थेंब टाकला. काही नाही. दूध नासलं तर कळतं हो. हे नासलेलं दिसतच नाही. वर्षभराच्या कामाचे पैसे त्या कुपीत होते. पावतीवर माझी सही आधीच झालेली होती, तेव्हा कुणाशी भांडणार?

आपल्याकडच्या उन्हाळ्यात, भारनियमनात, तालुक्याच्या दवाखान्यातल्या त्या एका फ्रिजच्या भरवशावर जे काही पाठवायचं, त्याला ही कुपीची गोष्ट लागू आहे.

आता क्षयरोगाचं घ्या. क्षयाचा जंतू दुप्पट व्हायला जवळपास दिवस घेतो. त्यामुळे कुठलं औषध लागू पडेल हे वाढवून पाहायचं तर आठवडे जातात. १९९३ मध्ये न्यूयॉर्कच्या संशोधकांनी एक युक्ती काढली. जंतूंना खाणारा एक विषाणू घेतला, त्यात काजव्याचं जनुक भरलं आणि तो क्षयाच्या जंतूवर सोडला. जंतू जिवंत असेल तर तो स्वतःच ल्युसिफेरेज बनवतो, स्वतःचाच एटीपी खर्चतो आणि चमकतो. औषध टाकलं आणि उजेड गेला, तर औषध लागू. उजेड तसाच, तर औषध बदला. चेन्नईच्या राष्ट्रीय क्षयरोग संशोधन संस्थेतही यावर काम झालं. पण क्षयाचा जंतू वाढतो ३७ अंशांना, आणि तिथंच तर आपलं विकर मान टाकतं.

आणखी पुढची पायरी. जंतूचं जनुक ओळखायची एक सोपी चाचणी आहे, लॅम्प म्हणतात. पीसीआरसारखं तापव-गार कर असं तिला लागत नाही. साधारण ६० अंशांवर एकसारखं ठेवलं की झालं. त्यात जनुकाच्या प्रती वाढताना जो चोथा पडतो, त्याचं एटीपीत रूपांतर करायचं आणि एटीपीवर काजव्याचं विकर पेटवायचं. वाढ होतेय तसा उजेड उसळतो. महागडं यंत्र नको, तापवायला एक ठोकळा आणि उजेड टिपायला एक साधा डोळा. पण ६० अंश! काजव्याचं मूळ विकर तिथं क्षणभर टिकत नाही. सुधारलेलं विकर आलं, तेव्हाच ही चाचणी जमली.

आपल्या जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो या वेधशाळेचं काम सुरू आहे. काटकोनात चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, त्यांतून लेसरचा उजेड धावणार आणि आकाशातल्या कृष्णविवरांची टक्कर टिपणार. त्याचा अभिमान आहेच. पण मला रुखरुख आहे ती वेगळ्या उजेडाची, जो आरोग्य केंद्राच्या टेबलावर एका बोटभर नळीत मावेल.

एक प्रश्न दरवेळी येतो, म्हणून आधीच उत्तर देतो. असं विकर काजव्यालाच का देत नाही, म्हणजे तो वाढत्या उष्णतेत टिकेल? काजवा विकर शिजून मरत नाही. त्याच्या अळ्या ओलसर मातीत आणि पालापाचोळ्यात वाढतात. ती जागा गेली, फवारणी झाली, रात्रभर दिवे जळले की तो जातो. भंडारदऱ्याला, राजमाचीला मे-जूनमध्ये काजवे पाहायला झुंबड उडते आणि गाड्यांच्या झोतात काजवेच दिसेनासे होतात. माणसानं उजेड पाहायला उजेड घेऊन जावं, याला काय म्हणावं?

बरं, संयोजकांची खूण आली. इन्व्हर्टर थकलाय म्हणे. उत्तम झालं, आपल्याला अंधारच हवा आहे.

तर हा थर्मास. यात दोन नळ्या आहेत. डाव्या नळीत काजव्याचं मूळ विकर, उजव्या नळीत सुधारलेलं. दोन्ही तासाभराहून अधिक वेळ गरम पाण्यात बुडून आहेत. तिसऱ्या कुपीत ल्युसिफेरीन आणि एटीपी. मी दोन्हींत सारखे थेंब टाकणार.

पंख्याजवळचा तो ट्यूबलाइट घालवा. दाराचा पडदा ओढा. मोबाइल खिशात. बाळांना भीती वाटत असेल तर मांडीवर घ्या. दोन मिनिटं काही दिसणार नाही, डोळे सरावू द्या.

ही डावी. थेंब टाकला. काही नाही.

ही उजवी.

मागच्या रांगेतल्यांनी पुढे या हो. हा उजेड तिथवर येत नाही.